मधली काठी
पुरुषोत्तम देवपुजारींना राजकारणातलं काही कळत नाही, यावर साऊथ रिज आणि ओक बेंड या दोन हायस्कुलांचं एकमत होतं. या दोन शाळांचं एकमत झालेली दुसरी गोष्ट शोधायला गेलं तर शुगर लँडच्या पुढे पार ह्यूस्टनपर्यंत सापडली नसती. नागपुरात कुणी हे ऐकलं असतं तर पोट धरून हसलं असतं. कॉलेजच्या निवडणुकीत घोषणा देऊन ज्याचा घसा आठवडाभर बसायचा, आणि टेक्ससमध्ये येऊनही जो सकाळी इंटरनेटवर तिकडच्या बातम्या वाचून बिचाऱ्या बायकोवर, विनीतावर करवादायचा, तो हा माणूस! पण घराबाहेर पडला की तो फक्त हसायचा, आणि त्या हसण्यावर त्याचं नाव झालं होतं.

त्याचं असं झालं. या दोन शाळांचा अमेरिकन फुटबॉलचा, म्हणजे चेंडू हातात घेऊन पळायच्या खेळाचा, सामना ऑक्टोबरच्या शेवटी एका शुक्रवारी होतो. इथला माणूस जन्मतः एक तर रिजचा असतो किंवा बेंडचा. सामन्यात चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकायचं असतं, आणि ते मोजायला मैदानाच्या कडेला तिघं जण उभे असतात. दोघांच्या हातात साखळीची दोन टोकं, तिसऱ्याच्या हातात कितवा प्रयत्न चालू आहे ते दाखवणारी आकड्यांची काठी. परंपरा अशी, की एक टोक रिजच्या माणसाकडे, दुसरं बेंडच्या माणसाकडे, आणि मधली काठी दोघांतल्या कुणाचाच नसलेल्या माणसाकडे. असा माणूस मिळणं महाकठीण. आधीचे काठीवाले एक वयस्कर पाद्री होते. त्यांची नात ओक बेंडला दाखल झाली आणि त्यांची काठी गेली.

ते साल दोन हजार एक. पुरुषोत्तमरावांच्या ऑफिसातल्या डेल बर्नेटकडे रिजचं टोक होतं. त्यानं विचारलं, "पुरु, तुला कुठली टीम आवडते?"

"मला खेळच कळत नाही."

"परफेक्ट!" डेल म्हणाला.

पुरुषोत्तमराव हो म्हणाले ते निव्वळ भीतीनं. न्यूयॉर्कचे ते मनोरे पडून महिनाही झाला नव्हता. दुकानात लोक त्यांच्या मिशीकडे जरा जास्तच वेळ बघत होते, आणि विनीतानं आपण होऊन गाडीला अमेरिकेचा झेंडा लावला होता. अशा दिवसांत कुणाला नाही म्हणायची त्यांची छाती नव्हती. सामन्याच्या दिवशी लाउडस्पीकरवर त्यांच्या नावाचा पार चेंदामेंदा झाला, आणि भरलेल्या स्टेडियमनं, दोन्ही बाजूंनी, टाळ्या वाजवल्या. पुरुषोत्तमरावांना रडू आलं. मधल्या माणसानं चेहऱ्यावर काही दाखवायचं नाही असा नियम होता, म्हणून त्यांनी ते गिळलं. दुसऱ्या दिवसापासून पेट्रोल भरताना लोक "हे पुरु!" म्हणून हात करायला लागले. त्या एका काठीनं त्यांना या गावात माणूस केलं, असं ते मनापासून मानत.

या सामन्याचा आणखी एक दंडक होता: इथे राजकारण आणायचं नाही. त्याचा डेलला फार अभिमान. सामन्याआधी निवडणुकीला उभा असलेला एखादा उमेदवार नाणं उडवायचा, दुसरा झेंड्यापाशी उभा राहून फोटो काढून घ्यायचा, पण ते राजकारण नव्हे, तो पाहुण्यांचा मान. डेलच्या ट्रकवर एका पक्षाचं स्टिकर होतं. बेंडचं टोक धरणाऱ्या रॉयच्या ट्रकवर दुसऱ्या पक्षाचं. पण ट्रक पार्किंगमध्ये असत, म्हणजे मैदान स्वच्छच. दोन हजार चारच्या निवडणुकीत तर दोघं एकमेकांशी बोलेनासे झाले. साखळी कुठे टेकवायची हेसुद्धा पुरुमार्फत विचारायचे. पुरु हसायचा आणि काठी धरायचा. आमचं नशीब की असा माणूस मिळाला, असं दोघंही म्हणायचे.

दोन हजार आठच्या उन्हाळ्यात देवपुजारी कुटुंब अमेरिकेचं नागरिक झालं, आणि इथे पुरुषोत्तमरावांनी ती चूक केली, जी आपल्याच माणसाच्या हातून होते. त्यांनी पेढे वाटले. ह्यूस्टनच्या हिलक्रॉफ्टवरच्या देशी दुकानातून खास केशरी पेढे आणले आणि सरावाच्या दिवशी मैदानावर डबा उघडला. डेलनं दोन खाल्ले. रॉयनं तीन खाल्ले, पाठीवर थाप मारली, आणि तोंडातला पेढा संपायच्या आत विचारलं, "म्हणजे नोव्हेंबरमध्ये तूही व्होट करणार?"

"हो तर!" पुरुषोत्तमराव आनंदानं म्हणाले.

"कुणाला?"

पुरुषोत्तमराव नेहमीसारखे हसले. सात वर्षं ज्या हसण्यात कुणाला काही दिसलं नव्हतं, त्यात आता दोघांनाही भलतंच दिसायला लागलं. हा रॉयच्या बाजूचा, हे डेलनं ओळखलं. हा डेलच्या बाजूचा, हे रॉयनं ओळखलं. आणि चार वर्षांत पहिल्यांदा ते दोघं एकमेकांशी थेट बोलले.

पुढच्या सोमवारी डेल ऑफिसात त्यांच्या टेबलापाशी आला. "यंदा काठी दुसऱ्या कुणाकडे. मनावर घेऊ नकोस, पुरु. परंपरा आहे. आपण यात राजकारण आणत नाही."

"पण मी काही बोललोच नाही."

"तेच तर ना. आता तू बोलू शकतोस." डेलला खरंच वाईट वाटत होतं. जाता जाता तो वळला. "तुझ्या ओळखीत आहे का कुणी? नवीन? तू आधी होतास तसा?"

घरी विनीता भडकली. "सरळ नाही म्हणून सांगा! उद्या विचारतील, घर पण देता का कुणा नव्या माणसाला?"

पण पुरुषोत्तमरावांना नाही म्हणवेना. काठी गेल्याचं दुःख होतंच. आता आपल्याला कुणी काही विचारणारच नाही, हे दुःख त्याहून मोठं होतं. त्यांनी ऑफिसात नुकताच पुण्याहून आलेला सौमित्र गाठला. पोराला व्हिसा मिळून जेमतेम उन्हाळा झाला होता. फुटबॉल म्हणजे पायानं खेळतात, अशीच त्याची समजूत होती. पुरुषोत्तमरावांनी त्याला बॅकयार्डमध्ये केर काढायच्या झाडूवर शिकवलं. आकडा कधी फिरवायचा, कुठे उभं राहायचं, आणि कुणी काहीही विचारलं तरी कसं हसायचं.

सामन्याच्या दिवशी ते विनीता आणि मुलगी अबोलीबरोबर तिकिटाच्या खिडकीशी उभे राहिले. आजवर ते खेळाडूंच्या फाटकातून आत जायचे.

"रिज साइड की बेंड साइड?" खिडकीतल्या बाईनं विचारलं.

ते आळीपाळीनं दोन्ही बाजूंकडे बघत राहिले. मागची रांग चुळबुळ करायला लागली. "बाबा, जस्ट पिक वन!" अबोली म्हणाली. त्यांनी जवळची बाजू घेतली, ती बेंडची निघाली. ते बसले तेव्हा मैदानातून डेलनं त्यांना पाहिलं आणि 'मला ठाऊकच होतं' अशी मान हलवली. मग लाउडस्पीकरनं सौमित्रच्या नावाचा चेंदामेंदा केला, आणि दोन्ही बाजूंनी टाळ्या पडल्या. सगळ्यांनी वाजवल्या, पुरुषोत्तमरावांनीही. मनातला सौमित्रचा हेवा त्यांना स्वतःलाच लाजवत होता.

सामना संपल्यावर सौमित्र घामाघूम होऊन कठड्याशी आला. "काका, काय लोक आहेत यार! सगळे नावानं हाक मारतायत. मला वाटलं होतं, फॉरेनर म्हणून काही बाही विचारतील. कुणी म्हणजे कुणीच काही विचारलं नाही!"

त्याच्या चेहऱ्यावर जे होतं ते पुरुषोत्तमरावांनी एकदा गिळलं होतं, म्हणून त्यांना लगेच ओळखू आलं. त्यांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

"छान धरलीस काठी," ते म्हणाले. "आता काही वर्षं मजेत काढ. ग्रीन कार्ड झालं तरी चालतं त्यांना. त्याच्या पुढचं काही झालं, तर पेढे मात्र घरातच खा."

"का हो काका?"

पुरुषोत्तमराव नुसते हसले.