ताईंसाठी मोजलेली गाडी

गाड्यांच्या वायरिंगमध्ये बत्तीस वर्षं घालवलेल्या त्या माणसाला गॅरेजात सगळे वायरमामा म्हणत. आई लवकर गेली, तेव्हा त्यांना लहानाचं मोठं केलं थोरल्या बहिणीनं, लोकांचे कपडे शिवून. त्या धबडग्यात ताईंचं लग्न राहिलं ते राहिलंच.

एकाहत्तराव्या वर्षी ताईंना पेसमेकर बसवला. मामा-मामी मोठ्या हौसेनं आपली विजेवर चालणारी गाडी घेऊन त्यांना आणायला गेले, तर ताई हॉस्पिटलच्या दारातच थबकल्या. असल्या गाडीतल्या विजेच्या आणि चुंबकाच्या प्रभावानं छातीतलं यंत्र बंद पडतं, असं शेजारच्या खाटेवरच्या बाईंनी त्यांच्या मनात भरवून दिलं होतं. ताई मामींचा हात धरून बसनं घरी आल्या. मागून मामा, रिकामी गाडी घेऊन.

पुढे चार महिने ताई घराबाहेर पडल्या नाहीत. नदीपलीकडे त्यांची जुनी मैत्रीण पाय मोडून पडली होती, रोज फोन करत होती. तिकडे बस जात नव्हती.

मामांनी वाद घातला नाही. ओळखीच्या प्राध्यापकांकडून चुंबकीय क्षेत्र मोजायचं मीटर मागून आणलं. मामी गाडी चालवत आणि मामा मागच्या सीटवर वाकून कधी पायाशी, कधी छातीशी मीटर धरत. गाडी वेग घेताना किती, ब्रेक दाबताना किती, सगळं वहीत टिपलं. सिग्नलला लोक टकामका बघत. पायाशी आकडा वाढायचा, छातीपर्यंत येता येता अगदीच उतरायचा. ती वही घेऊन मामा डॉक्टरांकडे गेले. ताईंच्या यंत्राला या आकड्यांनी काही होणार नाही, डॉक्टर म्हणाले. फक्त फोन छातीशी ठेवू नये आणि गाडी चार्जिंगला लावलेली असताना तिथे रेंगाळू नये.

ताईंनी वही नीट वाचली, मिटली आणि तरी नाहीच म्हणाल्या.

"मग अडतंय कुठे?" मामांनी विचारलं.

ताईंनी पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. "मरायला मी भीत नाही रे. पण तुझ्या गाडीत मला काही झालं, तर तू जन्मभर स्वतःला खात बसशील. लहानपणी हातून बशी फुटली तरी दोन दिवस जेवायचा नाहीस."

मामा हळूच म्हणाले, "आणि तू अशी घरात बसून राहिलीस, तर मला घास गोड लागतो असं वाटतं तुला?"

दुसऱ्या दिवशी सकाळी ताई गाडीत बसल्या. पुलापर्यंत छातीवरचा हात हलला नाही. मामा इतक्या जपून चालवत होते, की सायकलवाले पुढे निघून गेले. पूल ओलांडल्यावर ताईंनीच विचारलं, गाडीला यापेक्षा जोरात जाता येत नाही का.

मैत्रीण खिडकीतच बसली होती. दोघी एकदमच बोलायला लागल्या, एकमेकींचं काही न ऐकता. मामा दारात घोटाळत उभे राहिले, तेव्हा ताईंनी त्यांना हातानंच जायची खूण केली.