डावीकडे वळली की वाजणारी गाडी

आमच्या घरी गाडी आली तेव्हा यजमानांनी गाडीपेक्षा तिच्या कंपनीचंच कौतुक जास्त केलं. पोंभुर्ण्यात कोणी गाडी घ्यायची गोष्ट काढली की हे मध्येच बसकण मारत आणि म्हणत, "या कंपनीची गाडी बिघडतच नाई." कंपनीला यांचं नावही ठाऊक नव्हतं, पण हे तिचे सख्खे मामा असल्यासारखे बोलत. शेजारच्या गुरुजींनी यांच्या शब्दावर तशीच पांढरी गाडी घेतली.

पुढे आमची गाडी डावीकडे वळली की आपोआप हॉर्न वाजवू लागली. जंगलातल्या रस्त्यावर ते खपून जायचं, वानरं तेवढी पळायची. "मीच वाजवला," हे म्हणायचे.

"तुहा हात तं गिअरवर हाय," मागून सासूबाई म्हणायच्या. मग हे घाईनं हात स्टिअरिंगवर आणायचे.

महाशिवरात्रीला आम्ही मार्कंड्याच्या जत्रेला गेलो. गाड्या लावायच्या शेतात शिरायला हे डावीकडे वळले आणि हॉर्न सुरू झाला तो थांबेचना. बायाबापड्या दचकून बाजूला झाल्या. एक पोलीस धावत आला.

"काऊन एवढी घाई, भाऊ? देव कुठी पळून राह्यला का?"

यांनी इंजिन बंद केलं, तरी हॉर्न चालूच. सासूबाई खाली उतरल्या आणि दुसऱ्याच कुटुंबासोबत आल्यासारख्या देवळाकडे चालू लागल्या. शेवटी यांनी स्टिअरिंग उजवीकडे फिरवलं तेव्हा गाडी शांत झाली.

काही दिवसांनी कंपनीचा मेसेज आला. स्टिअरिंगमधला एक भाग सदोष निघाला आहे, त्यामुळे हॉर्न आपोआप वाजतो आणि अपघातात एअरबॅगही उघडणार नाही अशी भीती आहे. गाडी घेऊन या, भाग फुकट बदलून देऊ. इतके दिवस हसणारी मीही तेव्हा थबकले. याच गाडीतून आम्ही गर्दीच्या रस्त्यांवर बिनधास्त फिरत होतो. यांचा चेहरा मात्र मुलीच्या सासरहून तक्रार आल्यासारखा झाला. तोच मेसेज गुरुजींनाही आला होता.

"भाऊ, तुमची कंपनी तं गाड्या वापस बोलवून राह्यली," गुरुजी कुंपणावरून म्हणाले.

हे काही दिवस बाहेर निघालेच नाहीत. त्यांची समजूत सासूबाईंनी काढली. "अरे, आपलं धानाचं बियाणं उगवलं नव्हतं, तं दुकानदार शेवटपर्यंत म्हणे, तुमच्या वावरातच खोट हाय. हे कंपनीवाले तं आपल्या तोंडानं सांगून राह्यले. काऊन रुसतं?"

चंद्रपूरच्या वर्कशॉपात आमच्यासारख्या गाड्यांची रांग लागली होती, आणि नवा भाग आलाच नव्हता. परतताना यांनी कंपनीला जे बोलायला सुरुवात केली ते घर येईपर्यंत, आणि मीही त्यात भर घातली. लग्नानंतर इतका मोकळा प्रवास आम्ही क्वचितच केला असेल.

भाग आल्याचा फोन आला तेव्हा गुरुजीही त्यांची गाडी घेऊन आमच्या मागोमाग निघाले. तिथे काय सुनवायचं ते यांनी वाटेभर माझ्यासमोर घोकून पाहिलं. "मेहरबानी करून नाई राह्यले तुमी आमच्यावर" हे वाक्य त्यांना फार आवडलं होतं; निघण्याआधी ते गुरुजींनाही ऐकवून झालं होतं.

काउंटरवर एक मुलगी होती. यांनी तोंड उघडायच्या आत ती म्हणाली, "काका, चूक आमचीच आहे. तुम्हाला उगाच पुन्हा यावं लागलं, माफ करा."

"होते, बाई, होते," हे म्हणाले. गुरुजी माझ्याकडे बघत होते. मी भिंतीवरच्या टायरच्या जाहिरातीकडे बघत राहिले.

गाडी नीट झाली. पण कोणी सल्ला विचारला की हे आता "तुमचं तुमी पाहा" म्हणू लागले. कुरखेड्याहून नणंदेनं गाडी घ्यायची म्हणून फोन केला, तिलाही तेच सांगितलं. तिनं कोणाला न विचारता त्याच कंपनीची गाडी घेतली. मी चकित होऊन कारण विचारलं.

"वहिनी," ती म्हणाली, "ज्याची आत्ताच फजिती झाली, थो सध्या डोळ्यांत तेल घालून काम करते. घ्याची तं आताच घ्याची."

मी घरी सांगितलेलं हे वाक्य आठवड्याभरात यांनी स्वतःचं करून टाकलं. मागच्या रविवारी तर त्यांनी ते नणंदेलाच ऐकवलं, आणि तिनंही मान डोलावून, पहिल्यांदाच ऐकल्यासारखं ऐकून घेतलं.