कॅरॅव्हॅनच्या विजेचं निदान

माझा नवरा नॉटिंगहॅमला हाडांचा डॉक्टर. मोडलेलं काहीही आपण जोडू शकतो असा त्याचा समज, म्हणून त्याने एक जुनी कॅरॅव्हॅन, म्हणजे गाडीमागे ओढायचं चाकांवरचं घर, विकत घेतली. माझ्या लेखी सुट्टी म्हणजे हॉटेल, आयता नाश्ता आणि दुसऱ्या कुणीतरी घातलेल्या चादरी. बरीच भांडणं झाल्यावर तह झाला: या ट्रिपला वीज नीट चालली तर कॅरॅव्हॅन ठेवायची, नाहीतर विकायची. जाहिरातीसाठी फोटो मी निघण्याआधीच काढून ठेवले होते.

बरोबर सासूबाई होत्या. सासरे गेल्यानंतर पहिल्यांदाच पुण्याहून आमच्याकडे आलेल्या.

समुद्राकाठच्या कॅरॅव्हॅन साइटवर पोचल्यावर नवऱ्याने तिथल्या विजेच्या खांबाला केबल जोडली, कपाटातल्या मेन स्विचवर एक नजर टाकली आणि चहा झाला. मग आम्ही समुद्रावर फिरून आलो. परतताना सासूबाई टॉयलेट ब्लॉककडे वळल्या. आम्ही आत येऊन किटली लावली, तर ढिम्म. फ्रीज, हीटर, सगळंच गप्प. दिवे तेवढे लागत होते, कारण ते बॅटरीवर चालतात.

नवरा बाहेर धावला, खांबातला प्लग जोरात पिळला. थोड्या वेळाने किटली गुरगुरायला लागली.

“बघ! लूज कनेक्शन!” तो म्हणाला.

संध्याकाळी फिरून आलो, पुन्हा तेच. आता त्याने रिळावरची सगळी केबल गवतावर उलगडली. गुंडाळलेली राहिली की तापते म्हणे. वीज आली. दुसऱ्या दिवशी परत गेली. मग खांबात पाऊस शिरतोय असं निदान झालं आणि त्याला इंडियन किराणा दुकानाची प्लास्टिकची पिशवी बांधण्यात आली. शेजारचे गोरे आजोबा येऊन बघून गेले. काही बोलले नाहीत. इंग्रज माणूस काही बोलत नाही तेव्हा समजून घ्यावं.

पुढच्या खेपेला पिशवीचाही गुण येईना. नवरा चिखलात गुडघे टेकून बसला.

“आय गिव्ह अप. टाक तुझी ॲड.”

मी जिंकले होते. पण त्याचा तो चेहरा बघवेना, म्हणून चिडचिडत टॉवेल आणायला आत गेले. टॉयलेट ब्लॉकवरून नुकत्याच परतलेल्या सासूबाई कपाटात, लटकवलेल्या साड्यांमागे हात घालून उभ्या होत्या. खट्. फ्रीज सुरू झाला.

“आई, काय करताय?”

“मेन लावतेय गं. निघताना बंद केला होता ना.”

“दर वेळी?”

“मग! घर सोडताना मेन बंद नको करायला? हे होते तेव्हा हेच करायचे. मेन बंद केला की ‘चला’ म्हणायचे, मग आम्ही निघायचो. आता मीच करते.”

गप्प बसले असते तर पुढची सुट्टी हॉटेलात होती. मोह झाला, खोटं कशाला बोलू? पण बाहेर जाऊन नवऱ्याला सगळं सांगितलं. वाटलं, आता हा आईवर ओरडणार. त्याने टॉवेलने गुडघे पुसले आणि खांबाची पिशवी सोडून घेतली.

दुसऱ्या दिवशी फिरायला निघताना सासूबाईंचा हात साड्यांमागे गेला. खट्. नवरा दारात उभा होता.

“चला,” तो म्हणाला.

सासूबाईंनी क्षणभर त्याच्याकडे पाहिलं आणि पदर सावरून पायरी उतरल्या.

फ्रीजमधलं दूध नासलं. कॅरॅव्हॅन अजून आमच्या ड्राइव्हवेवर आहे.