दादाकडची मास्टर कॉपी

फोनवर ‘दादा’ असं नाव दिसलं तेव्हा मी तो उचलला नाही. वाटलं, पुन्हा कुठेतरी साड्यांचा सेल लागला असेल. गेली काही वर्षं माझा थोरला भाऊ मला एवढ्याचसाठी फोन करायचा. ‘तुझा मेल आलाय. विमावाल्यांचा,’ किंवा ‘तुझा मेल आलाय. चपलांवर सूट आहे,’ असं म्हणायचा आणि ठेवून द्यायचा. माझे मेल त्याच्या बदलापूरच्या कॉम्प्युटरवर का जात होते, ते पुढे येईलच. फोन पुन्हा वाजला तेव्हा चिडूनच घेतला. पलीकडे वहिनी होत्या, त्याच्या फोनवरून बोलत होत्या. ‘शैलाताई, हे गेले हो...’ एवढंच म्हणाल्या. मी अंगावरच्या कपड्यांनिशी उल्हासनगरहून रिक्षा केली.

शोकसभेत सगळे गोड बोलले. अंबरनाथच्या ज्या कारखान्यात दादाने ड्रॉइंग विभागात उभी नोकरी केली, तिथले जुने सहकारी आले होते. काय ती शिस्त, काय तो नीटनेटकेपणा, साहेबांच्या हातून कधी एक कागद हरवला नाही... मी खाली मान घालून बसले होते. लोकांना वाटलं असेल, बहीण दुःखात बुडालीय. बहीण दातओठ खात होती. कागद हरवला नाही हे खरंच आहे. दुसऱ्याचा कागदही त्याच्या कपाटातून कधी बाहेर आला नाही, हे मात्र कुणी बोललं नाही, म्हणून आता मी लिहिते आहे.

कारखान्यात त्यांचा एक नियम होता. यंत्राच्या भागाचं ड्रॉइंग मंजूर झालं की त्यावर लाल शिक्का बसायचा, ‘मास्टर कॉपी’. ती दादाच्या कपाटात जायची आणि बाकीच्या सगळ्या प्रती फाडून टाकायच्या, कारण जुन्या प्रतीवरून कुणी माल काढला तर सगळं मुसळ केरात. कारखान्यात हे ठीकच होतं. पण दादा तो नियम घरी घेऊन आला. शिवमंदिराजवळच्या आमच्या घरात किल्ली एकच, कात्री एकच, आणि प्रत्येक डब्यावर लेबल. आईला चाळीस वर्षांच्या संसारानंतर मिठाच्या डब्यावर ‘मीठ’ वाचावं लागे. पुढे तो तिला घेऊन बदलापूरच्या फ्लॅटमध्ये राहायला गेला आणि लेबलंही सोबत गेली.

मी तेव्हा नवऱ्याच्या नोकरीमुळे बडोद्याला होते. फोनवर आई मोकळं बोलत नसे, दादा घरात असायचा. म्हणून ती मेल करायला शिकली. एका बोटाने, इंग्रजी अक्षरांत मराठी. ‘आज वालाचं बिरडं केलं, तू असतीस तर पातेलं पुसून खाल्लं असतंस.’ ‘दादा ओरडला, चमचा चुकीच्या खणात गेला म्हणून.’ मोठी माणसं ज्याला कटकट म्हणतात, ते सगळं ती माझ्यापाशी रितं करायची. आई गेल्यावर माझ्याकडे तिचं दुसरं काही नव्हतं. दागिने नकोच होते मला. ते मेल होते.

आई जाऊन वर्ष झालं असेल, माझा मेलबॉक्स भरला. नवीन मेल येईनात. दादा फोनवर म्हणाला, ‘एवढंच ना? पासवर्ड सांग. माझ्या कॉम्प्युटरवर मेलचा प्रोग्रॅम आहे, त्यात उतरवून घेतो सगळं.’ मला वाटलं, प्रती काढेल. दुसऱ्या दिवशी वेबसाइट उघडली तर आत काहीच नाही. बडोद्याची बिलं नाहीत, फोटो नाहीत, आई नाही. मी लगेच त्याला फोन केला.

‘दादा, माझे मेल गेले!’

‘गेले कुठे? माझ्याकडे आहेत. सेफ आहेत.’

‘अरे, पण वेबवर काहीच नाही!’

‘नसणारच. सर्व्हरवर कॉपी ठेवायची का, असं विचारतं ते. ती खूण मी काढली. दोन-दोन प्रती ठेवल्या की घोळ होतो. तुला वाचायचं असेल तेव्हा ये ना घरी.’

म्हणजे चुकून नाही. वाचून, समजून, माऊसने खूण काढली त्याने. माझ्या आईवर लाल शिक्का मारला आणि कपाट बंद केलं. मी नवं खातं उघडलं, पण जुन्या खात्यावर येणारं सगळं तो प्रोग्रॅम ओढून घेतच राहिला. म्हणून ते सेलचे फोन.

आम्ही उल्हासनगरला परत आल्यावर पर्समध्ये पेन ड्राइव्ह टाकून मी बदलापूर गाठलं. पेन ड्राइव्ह पाहून तो हसला. ‘असल्या वस्तू हरवतात,’ म्हणाला. मला आपल्या खुर्चीत बसवलं आणि स्वतः मागे उभा राहिला. ‘वाच, मी बघत नाही.’ त्याच्या हातातल्या चहाचा वास माझ्या मानेवर येत होता. मी एक मेल उघडला. नेमका मिठाच्या डब्याचा. ‘या घरात मी पाहुणी आहे गं,’ असं शेवटी होतं. मी तो झटकन बंद केला. मागून दादा म्हणाला, ‘आई माझ्याबद्दल काय लिहायची, माहिती आहे मला.’ मी उठले. याने सगळे वाचलेत, असं मी त्या दिवशी धरून चालले, आणि त्या खोलीत पुन्हा पाऊल ठेवलं नाही. मागत मात्र राहिले, दर भाऊबीजेला, ओवाळून झालं की. ताटात साडी पडायची. मेल नाहीत.

तो गेल्यावर काही आठवड्यांनी वहिनींनीच बोलावलं. ‘शैलाताई, त्या मशीनला मी हात लावलेला नाही. तुमचं काय असेल ते घेऊन जा.’ मी उल्हासनगरच्या आमच्या कॅम्पातल्या जयकिशनला सोबत नेलं. त्याचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. पासवर्ड शोधावा लागला नाही, कीबोर्ड उलटा केला तर खाली लेबल चिकटवलेलं होतं. माझ्या नावाच्या फोल्डरमध्ये सगळं होतं. वरचे जाहिरातींचे मेल बारीक अक्षरांत, आणि खाली आईचे, सगळेच्या सगळे ठळक, काळेभोर. मी जयकिशनला विचारलं, हे असं का?

‘दीदी, इस मशीन पे जो खोला नहीं ना, वो मोटा दिखता है.’

मी वरपासून खालपर्यंत पाहिलं. चपलांची सूट त्याने उघडली होती. विमा उघडला होता. आईचा एकच मेल बारीक अक्षरांत होता, मी त्या दिवशी उघडलेला. बाकी एकालाही त्याने हात लावला नव्हता.

आता इथे मला रडू यायला हवं होतं, म्हणजे लेख छान झाला असता. मला संताप आला. अरे, वाचायचे नव्हते तर द्यायचे होतेस! भीती वाटत होती तर तसं म्हणायचंस, मीच तुला वाचून दाखवले असते, बिरड्याचे, आणि तू तिच्यासाठी भर उन्हात शहाळं शोधत फिरलास ते लिहिलेलेसुद्धा. होते रे तसेही मेल. तुला ते कधी कळलंच नाही, आणि मला सांगता आलं नाही, कारण ते तुझ्याच कपाटात होते.

जयकिशनने माझं नवं खातं तिथे जोडलं आणि आईचे मेल त्यात ओढले. माझ्या फोनवर एकेक उमटू लागला. काम झाल्यावर त्याने विचारलं, ‘दीदी, ये पुराना वाला अकाउंट इधर से निकाल दूँ?’ मी हो म्हणणारच होते. तेवढ्यात कॉम्प्युटर टुंग वाजला आणि पडद्यावर एक नवी ओळ आली. चादरींवर सूट. मी उगाचच हातातल्या फोनकडे पाहत राहिले.

स्वयंपाकघरातून वहिनींनी हाक मारली, ‘शैलाताई, तुमचा मेल आला वाटतं...’

‘रहने दे,’ मी जयकिशनला म्हटलं.