पाठीवरचं पीठ

हैदराबाद राज्य मोडून मराठवाडा मुंबई राज्यात आला, त्यानंतर वर्षभरात माझी बदली उमरग्याच्या शाळेत झाली. मी एकटाच होतो. दर रविवारी ज्वारीचा डबा घेऊन पिठाच्या गिरणीत जायचो. गिरणीवाल्याचं नाव मी कधी विचारलं नाही. पन्नाशीचा, कमी बोलणारा माणूस होता. भुवया, कान, पापण्यासुद्धा पिठानं पांढऱ्या झालेल्या. दळण झालं की गिऱ्हाइकाच्या बाहीवर उडालेलं पीठ तो स्वतः फडक्यानं झटकायचा आणि मगच डबा हातात द्यायचा.

एकदा मी म्हणालो, "नुसतं फुंकलं तरी जाईल की."

"न्हाय मास्तर. भरडा असला की आपसूक गळून पडतोय, त्याला वजन असतंय. पीठ जितकं बारीक, तितकं लई धरून बसतंय."

त्या दिवशी गिरणीत दुसरं कुणी नव्हतं. डबा उचलायला तो वळला, तेव्हा त्याच्या पाठीवर पिठाचा थर दिसला. मी फडकं घेतलं आणि त्याची पाठ झटकू लागलो. तो दचकला, मग भिंतीला हात टेकून उभा राहिला.

"घरची वारल्यापासनं तिथवर कुणाचा हात पोचला न्हाय," तो म्हणाला. "सात वर्सं झाली."

माझ्याही खोलीवर कुणी वाट पाहत नव्हतं. त्याचा सदरा केव्हाच साफ झाला होता. "अजून थोडं राहिलंय," म्हणत मी फडकं फिरवत राहिलो, आणि त्यानंही मागं वळून पाहिलं नाही.