नटाचे केस

अकोल्याच्या जुन्या शहरात मी ज्याच्याकडे बारा वर्षं केस कापून घेतोय, त्या न्हाव्याचं नाव मी कधी विचारलं नाही. एका मोठ्या नटाच्या वाढदिवसाला तो दर वर्षी आरशावरच्या फोटोंना हार घालतो. फोटो ओळीनं चिकटवलेत: पहिल्या सिनेमातला सडपातळ पोरगा, मग मारामारीवाला हिरो, शेवटी दाढी पिकलेला बाप. त्या दिवशी तसेच केस मागणाऱ्यांची दुकानात गर्दी असते.

यंदा त्यातला एक जण म्हणाला, "या वयातबी केस पाहा ना गड्याचे!" न्हावी नुसता हसला.

दुकान रिकामं झाल्यावर मी खुर्चीत बसलो. त्यानं पाचव्या फोटोवर कंगवा टेकवला. "इथून पुढं विग हाये, भाऊ. कपाळावरची रेघ पाहा."

"मग मघाशी त्याला सांगितलं का नाही?"

"काहून सांगू? मानूस एवढा जपून राहिला, तं आपनबी जपावं."

"मग मलाच कसं सांगितलं?"

तो माझ्या मानेवरचे केस झटकत राहिला.

घरी जाताना मोर्णेच्या पुलावर आठवलं. पूर्वी केस कापून झाले की तो लहान आरसा माझ्या डोक्यामागे धरायचा आणि "बरोबर हाये ना?" म्हणून विचारायचा. गेल्या दोन वर्षांत त्यानं तो आरसा उचललेला नाही.