आबांची जीप
डिझेलचा वास आला की वडिलांची जुनी फोर-व्हील ड्राइव्ह जीप आठवते. साखरेच्या आजारात आबांचा पाय कापावा लागला, तेव्हापासून ती उंब्रजच्या घरासमोर नुसती उभी होती. एका सकाळी आष्ट्याहून गिऱ्हाईक आलं. ओसरीवर चाकांच्या खुर्चीत बसलेले आबा म्हणाले, “ऱ्हाऊ दे रं. दारात असली की बरं वाटतंय.” थोरला भाऊ गिऱ्हाइकाकडं बघून हसला. “दारात तुमी हायसा की आबा. दोन-दोन भंगार कशाला?” गिऱ्हाईकही हसलं. आबांनी मान खाली घातली आणि मला हळूच म्हणाले, “पोरी, खुर्ची आत घे.” जीप गेली. त्यानंतर आबा कधीच ओसरीवर बसले नाहीत. आता माहेराहून निघताना भाऊ त्याच्या नव्या गाडीनं सोडायला येतो म्हणतो. मी एसटीनं परतते.